पैलतीराचे उमराव

आमच्या घरात दोन दादा आहेत, आणि ते एकमेकांचेच दादा आहेत. एक माझे बाबा, दुसरे माझे काका. दोघे जुळे. बाबा काकांना दादा म्हणतात, काका बाबांना दादा म्हणतात, आणि पंच्याहत्तरी उलटून गेली तरी यात काही चुकतंय असं दोघांपैकी कुणालाच वाटलेलं नाही. लग्न झाल्यावर वर्षभर माझ्या बायकोची समजूत होती की दोघांतला कुणीतरी एक थट्टा करतोय. कोणता ते कळेना, म्हणून ती दोघांसमोरही गंभीर चेहरा करून वावरायची.

ही व्यवस्था माझ्या आजीची. जुळ्यांत आधी कोण आणि मागून कोण, हे तिने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आजोबा त्या दिवशी धुक्यामुळे नदीपलीकडे अडकून पडले होते, सुईण परगावची होती, आणि घरात तिसरं माणूस म्हणजे माझी आत्या, चुलीवरचं पाणी राखायला बसवलेली. तिला ठाऊक होतं. पण आत्या पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागली आणि निवृत्त होईपर्यंत सगळ्या गावाचं बोलणं तिच्या कानांवरून गेलं. त्यातला एक शब्द कधी तिच्या तोंडून बाहेर पडला नाही. अशा बाईला काही विचारण्यात अर्थ नसतो.

आजीने हे का केलं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. फार नाही, एका राजापर्यंत.

हा राजा एका सकाळी आमच्या नदीवर येऊन उभा राहिला. समोर दाट धुकं, पलीकडचा काठ दिसतोय न दिसतोय असा. राजाने विचारलं, "पलीकडे कुणाचं आहे?" बरोबरच्या मंडळींना माहीत नव्हतं. सगळे गप्प. आमचे मूळपुरुष गर्दीत मागे उभे होते. त्यांना शांतता सहन व्हायची नाही. हा दोष आमच्या घराण्यात अजून आहे. ते म्हणाले, "आमचंच आहे, महाराज." राजा म्हणाला, "बरं, मग असू दे," आणि नाश्त्याला निघून गेला. त्याचं ते 'असू दे' कुणीतरी टिपून घेतलं आणि आमचे मूळपुरुष पैलतीराचे उमराव झाले. पलीकडे होती दलदल, लव्हाळी आणि बगळे. आजही तेवढंच आहे. हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण मी नकाशा खात्यात आहे आणि पैलतीराचा तुकडा माझ्याकडेच आहे. दलदल दाखवायला गवताचे बारीक झुबके काढायचे असतात. नोकरीला लागल्यापासून मी ते झुबके काढतोय. पलीकडे मात्र कधी गेलेलो नाही. नकाशा खात्यात तशी पद्धत नाही.

तर उमरावपद थोरल्याकडून थोरल्याकडे उतरत आलं. माझे आजोबा धाकटे. त्यांचे थोरले भाऊ उमराव झाले आणि त्या दिवसापासून त्यांनी आजोबांना ओळख दाखवणं सोडलं. रस्त्यात समोरासमोर आले की ते म्हणे दुकानांच्या पाट्या वाचायला लागायचे. आजोबांनी ते फार मनाला लावून घेतलं. आजीने सगळं पाहिलं आणि ठरवलं, आपल्या पोटच्या पोरांत थोरला-धाकटा हा प्रकारच ठेवायचा नाही. दोघांनाही एकेकटं घेऊन सांगितलं, हा तुझा दादा. विषय संपला.

तो यंदाच्या थंडीत पुन्हा निघाला. थोरल्या घरातले शेवटचे उमराव, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. उमरावपद आता आमच्या आजोबांच्या शाखेत येणार, हे सांगायला, मानाच्या पदव्यांची नोंद ठेवणाऱ्या उपाध्या कचेरीचे अधिकारी स्वतः आमच्याकडे आले. किडकिडीत गृहस्थ, पायमोजे ओले, नाक गळतंय. त्यांच्या कचेरीला एरवी काही काम नसतं. कितीतरी वर्षांनी एक उमराव मेला होता आणि त्यांना कुणाच्या तरी घरी जाता आलं होतं. झालेला आनंद दिसू नये म्हणून ते सारखं नाक पुसत होते.

"भावंडं किती?" त्यांनी विचारलं.

"दोन भाऊ," मी म्हणालो. आत्या त्यांच्यापुढे चहा ठेवत होती.

"थोरले कोण?"

बाबांनी काकांकडे बोट दाखवलं. "हा माझा दादा."

काकांनी बाबांकडे बोट दाखवलं. "छे, छे! हा माझा दादा."

अधिकाऱ्यांनी चहाचा घोट घेतला, "वा" म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे ह्यांनी तुम्हाला थोरलं म्हटलं आणि तुम्ही ह्यांना. दोघांनीही सरकारी माणसासमोर आपापला हक्क सोडला."

"मग?" मी विचारलं.

"मग उमरावपद राजाकडे परत."

"पण राजा तर आता नाही."

"तीच तर पंचाईत आहे." ते खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर नदीवर धुकं होतं आणि ते इतका वेळ तिकडे बघत राहिले की बायकोला वाटलं त्यांचा डोळा लागला. शेवटी म्हणाले, "सुनावणी ठेवतो. महिन्याने. तोवर थोरलं कोण ते नक्की करून या. आणि ते दादा-दादा बंद करा, कुणी ऐकलं तर पुरावा होईल."

ही बातमी जिना चढून वर गेली आणि उतरून खालीही गेली. वर निवृत्त स्टेशनमास्तर राहतात, खाली दातांचे डॉक्टर. मास्तर लगेच आले. मास्तरांचं सगळं आयुष्य गाड्या वेळेवर सोडण्यात गेलं, आता सोडायला काही नाही म्हणून ते सल्ले सोडतात. त्यांनी दोन्ही दादांना समोर बसवलं, मधोमध स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "एका लाइनीवर दोन गाड्या आल्या तर स्टेशनमास्तर काय करतो? एकीला साइडिंगला घेतो. तुम्ही दोघंही एकमेकांना पुढे सोडताय. असा खोळंबा मी माझ्या नोकरीत एकदाही होऊ दिला नाही."

"पण साइडिंगला कुणाला घ्यायचं?" बाबांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. मी फक्त तत्त्व सांगितलं," मास्तर म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

डॉक्टर जास्त कामाचे निघाले, म्हणजे निदान सुरुवातीला. ते म्हणाले, दातांवरून माणसाचं वय अचूक सांगता येतं, थोडा फरक असला तरी सांगता येतो, विज्ञान आहे हे. त्यांनी दोघांना खाली खुर्चीत बसवलं, दिवा लावला, आ करायला सांगितलं, आणि दिवा विझवला. दोघांचेही सगळे दात त्यांनी स्वतःच काढले होते आणि दोघांच्या कवळ्या एकाच साच्यातून केल्या होत्या. हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. पैसे घ्यायचं मात्र लक्षात राहिलं.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मजेत गेले. उमरावाला नक्की काय काय मिळतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सनदेत असतं आणि सनद नवा उमराव ठरल्यावरच वाचायची असा नियम. त्यामुळे जो तो आपापल्या इच्छेप्रमाणे सांगत होता. मास्तर म्हणाले, रेल्वेचा पहिल्या वर्गाचा पास असणारच. डॉक्टर म्हणाले, गल्लीला नाव देतील. बायको म्हणाली, "अहो, निदान पाण्याचा नळ दिवसभर सुरू ठेवतील का, एवढं विचारा." शिंप्याने सांगितलं की उमरावाला मखमलीचा झगा लागतो, जांभळा, पायघोळ, आणि तो शिवायला महिना लागतो, म्हणून माप आत्ताच द्या. बाबा माप द्यायला गेले. दुसऱ्या दिवशी काका गेले. शिंप्याने घरी येऊन मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, दोघांचं माप तंतोतंत एक आहे, मी एकच झगा शिवतो, कोणीही झालं तरी बसेल. मला त्याचं शहाणपण आवडलं. पण ते बाबांच्या कानावर गेलं, आणि काका आपल्यामागून गुपचूप माप देऊन आले हे त्यांना कळलं. बाबाही गुपचूपच गेले होते, पण त्याची त्यांना आठवण करून द्यायला कुणी धजलं नाही.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की दोघांनाही ते उमरावपद हवंय. मनापासून. बाबा आयुष्यभर पोस्टात शिक्के मारत होते, काका शाळेत भूगोल शिकवत होते, आणि दोघांनाही कुणी कधी 'या, बसा' याहून जास्त काही म्हटलं नव्हतं.

दादा म्हणणं बंद करायचं हे फर्मान अधिकाऱ्यांचं, पण घरात अंमलबजावणी माझी. कुणी चुकून दादा म्हणालं की मी खाकरायचो. यातली खरी अडचण मला आधी कळली नव्हती. दादा म्हणायचं नाही, तर मग म्हणायचं काय? नावाने त्यांनी एकमेकांना कधी हाक मारली नव्हती. बाबांनी एकदा "अरे" करून पाहिलं, काकांना ते उद्धट वाटलं. काकांनी "अहो" करून पाहिलं, बाबांना वाटलं हा आपल्याला परका समजतोय. मग दोघे हाक न मारताच बोलायला लागले, भिंतीकडे बघून. "मीठ कुठे ठेवलंय कुणी?" "ज्याला हवंय त्याने बघावं." आणि हाक मारता येत नसली की हळूहळू बोलणंही आटतं, हे मी त्या महिन्यात शिकलो.

स्वप्नाने तर कहर केला. एके सकाळी चहा घेताना बाबा अगदी तरंगत्या आवाजात म्हणाले, "मी पलीकडे गेलो होतो. पायांखाली ओल होती पण पाय ओले होत नव्हते. मी चालत होतो आणि लव्हाळी दोन्ही बाजूंनी वाकत होती, वारा नसताना. पाण्यावर पांढरं काहीतरी उभं होतं. बगळा असेल. तो म्हणाला, या उमराव."

काकांच्या हातून चमचा पडला. "हे माझं स्वप्न आहे."

"दुसऱ्याचं कसं असेल? मी पाहिलं."

"मी परवाच पाहिलं. बगळ्याने माझ्याकडे बघून मान लववली."

"माझ्याकडे बघून लववली!"

दोघेही भिंतीकडे बघत ओरडत होते. बायकोने विचारलं, बगळा एकच होता की दोन? यावर दोघेही तिच्याकडे अशा नजरेने बघायला लागले की ती उठून आत गेली. स्वप्न कुणाचं याचा निकाल कोणती कचेरी देते, हे मी मास्तरांना विचारलं, तर ते विचारात पडले आणि म्हणाले, बहुधा जिथून स्वप्न सुटलं त्या स्टेशनची.

त्याच दिवशी काकांनी दोघांच्या खोलीत मधोमध पडदा लावला. दोघांच्या खाटा त्या खोलीत माझ्या आठवणीपासून शेजारी-शेजारी होत्या. संध्याकाळी दोघे बुद्धिबळ खेळायचे, रोज, हरलेल्याने दूध आणायचं अशी पैज. काकांनी नवीन पट आणला. आता बाबा पडद्याच्या अलीकडे एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत, आणि काका पलीकडे एकटेच. दूध मीच आणायला लागलो. एकदा बायको स्टुलावर चढून जळमटं काढत होती, तिथून तिने मला खूण करून बोलावलं. वरून दोन्ही पट दिसत होते. दोन्ही पटांवर सोंगट्या जवळजवळ त्याच घरांत होत्या. मी स्टुलावरून उतरलो. हसायला आलं नाही एवढं खरं.

माझी प्रतिष्ठा तोवर ऑफिसात पार धुळीला मिळाली होती. मी आत शिरलो की सहकारी उठून उभे राहायचे आणि मी बसलो की खाली बसायचे. शिपाई चहा आणताना "उमरावांचा मार्ग मोकळा करा" असं ओरडायचा. साहेबांनी पैलतीराचा नकाशा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता तुमचंच आहे, जरा मन लावून काढा." मी मन लावूनच काढत आलोय. पण ते सांगण्यात काही हशील नव्हतं.

आणि मग सुनावणीच्या आठवड्यात काकांनी मला जिन्यात गाठलं. "हे बघ," ते म्हणाले, "निकाल काहीही लागो, मी दुसरीकडे खोली बघितलीये. तो थोरला ठरला तर मला इथे राहवणार नाही. मी थोरला ठरलो तर त्याला माझं तोंड बघवणार नाही. आमच्या बापाचं काय झालं ते आम्ही ऐकलंय."

"काका, असं काय करता? बाबांना तुमच्याशिवाय जेवण तरी जाईल का?"

"आत्ता तरी कुठे जातंय?" काका म्हणाले. "मी ऐकतो ना पडद्यातून. ताटात तसंच टाकतो सगळं." आणि ते डोळे पुसत वर गेले. मी तिथेच पायरीवर बसून राहिलो. एका दलदलीपायी घरातलं माणूस जाणार होतं, आणि खाकरून खाकरून ती वेळ मीच आणली होती.

मी तडक आत्याकडे गेलो. आत्याची खोली स्वयंपाकघरामागे, एक खाट आणि एक खिडकी. ती वाटाणे सोलत होती.

"आत्या, तू सांगून टाक. कोण आधी? एकदाच सांग, होऊ दे काय व्हायचं ते."

आत्या वाटाणे सोलत राहिली. "लाइन बिझी आहे," ती म्हणाली.

"आत्या, काका घर सोडून चाललेत."

तिचा हात थांबला. "सुनावणीला मला घेऊन चल," ती म्हणाली. एवढंच.

उपाध्या कचेरी एका लोकरीच्या दुकानाच्या वर आहे. लांबट खोली, उंच खिडक्या, सगळ्या काचांवर वाफ धरलेली. भिंतीवर जुन्या उमरावांच्या तसबिरी इतक्या काळवंडलेल्या की नुसती नाकं दिसत होती, आणि त्यातली बरीच आमची. खालून लोकरीचा उबट वास येत होता. बाबा एका टोकाला बसले, काका दुसऱ्या टोकाला. मध्ये आम्ही. मास्तर आणि डॉक्टर साक्षीला म्हणून आले होते. कशाची साक्ष ते त्यांनी सांगितलं नाही. शिंपी झगा घेऊन जिन्यात उभा होता. सगळं इतकं शांत आणि धूसर होतं की मला वाटलं आपण सगळेच कुणाच्या तरी स्वप्नात येऊन बसलोय आणि ते स्वप्न कुणाचं यावरून आता पुन्हा भांडण होणार.

अधिकारी आले, शिंकले, बसले. "थोरलेपणाचा पुरावा?"

"साक्षीदार आहे," मी म्हणालो आणि आत्याला पुढे केलं.

"या बाई. जन्माच्या वेळी तुम्ही घरात होता?"

"होते."

"दोघांतला आधी कोण जन्मला, ठाऊक आहे?"

"आहे."

बाबा आणि काका दोघेही पुढे झुकले. डॉक्टरांनी चष्मा घातला.

"सांगा."

"नाही सांगणार," आत्या म्हणाली. "आईला शब्द दिलाय."

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं. "बाई, ही सरकारी सुनावणी आहे."

"असू दे की. एक्स्चेंजमध्ये असताना सरकारच्या बायकांचं पण ऐकलंय मी. सांगितलं का कुणाला?"

यावर अधिकारी थोडे घाबरले असावेत. त्यांनी आवाज मऊ केला. "बरं, निदान हे तरी सांगा. तेव्हा लहान असाल तुम्ही. बरोबर आठवतंय कशावरून?"

"न आठवायला काय झालं? सात वर्षांची होते मी. पाणी मीच आणून दिलं. दोघांना कापडात मीच गुंडाळलं."

"सात वर्षांच्या," अधिकारी लिहीत म्हणाले. "आणि उमेदवारांशी आपलं नातं?"

"बहीण."

"सख्खी?"

"मग काय! मोठी बहीण."

अधिकाऱ्यांचं लिहिणं थांबलं. त्यांनी वर बघितलं. मग बाबांकडे, काकांकडे, आणि शेवटी माझ्याकडे. "तुम्ही मला दोन भाऊ सांगितलेत."

"दोन भाऊच आहेत," मी म्हणालो. "आणि ही आमची आत्या."

माझ्याच तोंडून निघालेलं ते वाक्य माझ्या कानात शिरायला वेळ लागला. अधिकारी फार समजूतदारपणे बोलत होते. आजोबांच्या अपत्यांत जे ज्येष्ठ ते उमराव. मुलगा असो, मुलगी असो, नियम कधीचाच बदललाय. "पण इतकी वर्षं विचारायला कुणी आलंच नाही," ते म्हणाले. "आणि मी तर ह्यांच्या हातचा चहासुद्धा प्यायलो."

खालच्या दुकानात कुणीतरी हसत होतं ते स्पष्ट ऐकू आलं. काकांनी बाबांकडे बघितलं. सबंध महिन्यात भिंतीकडे न बघता त्यांनी थेट बाबांकडे बघण्याची ती पहिलीच वेळ.

"दादा," काका म्हणाले, "आपण ताईला विसरलोच की रे."

मी सवयीने खाकरायला गेलो आणि बायकोने माझा पाय तुडवला.

"तू विसरलास, दादा," बाबा म्हणाले.

"मी एकटाच काय? तू पण. सबंध महिना आपण तिच्यासमोर भांडतोय थोरला कोण म्हणून!"

"ती वाटाणे सोलत होती ना, दादा," बाबा म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. काका उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले. दोघे एकाच रुमालात नाक पुसायला लागले. मास्तरांनी घड्याळ काढून बघितलं, पण त्यांनाही दिसत नसावं. मला तर अजिबात दिसत नव्हतं.

"मला काय करायचंय उमराव होऊन?" आत्या म्हणाली. "काय मिळतं त्यात?"

अधिकाऱ्यांनी सनद उघडली आणि उभं राहून वाचायला घेतली. बगळ्यांच्या शिकारीचा अधिकार, तो रद्द झाला होता. लव्हाळीवरची जकात, तीही रद्द. राजासमोर डोक्यावर टोपी ठेवून उभं राहण्याची मुभा होती, पण राजाच रद्द झाला होता. झग्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, आणि जिन्यात शिंप्याने मोठा उसासा टाकला. एकच गोष्ट उरली होती. पैलतीराच्या उमरावांना घेऊन गेलेली होडी, उमरावांनी सांगितल्याशिवाय तिकडून परत सुटणार नाही.

"बस्स?" डॉक्टर म्हणाले.

"बस्स," अधिकारी म्हणाले.

रविवारी आम्ही सगळे होडीने पलीकडे गेलो. वरच्या अंगाला पूल झाल्यापासून होडीतून फारसं कुणी जात नाही. लव्हाळी कापणारे एक-दोघं आणि हवा खायला आलेलं एक जोडपं होतं. होडीवाल्याला बातमी कळली होती. आत्या काठावर आली तसा तो उभा राहिला. आत्या गोंधळली, तिला वाटलं आपण त्याच्या जागेवर बसतोय. नदीवर धुकं होतं, वल्ह्यांचा आवाजही ओल्या कापडातून आल्यासारखा येत होता. बाबा आणि काका एका फळीवर खांद्याला खांदा लावून बसले होते आणि त्यांचं जोरात चाललं होतं, आजचं दूध कुणी आणायचं यावरून.

मी आत्याच्या कानाशी वाकलो. "आत्या, आता तरी सांग. दोघांत आधी कोण?"

"आता काय करायचंय तुला?" आत्या म्हणाली. "दोघंही धाकटेच."

पलीकडे उतरल्यावर ती एकटीच पुढे चालत गेली. ती इथे कधीच आली नव्हती. आधी ड्यूटी असायची, मग आजीचं आजारपण, मग आमचं घर, मग गुडघे. गवतातून वाट काढत ती एका उपड्या पडलेल्या जुन्या होडीपाशी गेली आणि तिच्यावर बसली. समोर लव्हाळी, त्यामागे पाणी, त्यामागे काहीच नाही असं पांढरं काहीतरी. एक बगळा होता. तो काही बोलला नाही. आम्ही थोडं फिरलो, पायात चिखल भरला, डॉक्टरांचा एक बूट आतच राहिला, आणि आम्ही परत होडीत येऊन बसलो. आत्या आली नाही.

बराच वेळ गेला. मास्तरांचा जीव खालीवर व्हायला लागला. भरलेली गाडी उभी राहिलेली त्यांना बघवत नाही. बाबा आणि काका एका सुरात ओरडले, "ताई, चल की!" होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं. "निघायचं का?"

"त्यांना विचारावं लागेल," मी म्हणालो आणि गवतातून आत्याकडे गेलो. "आत्या, सगळे थांबलेत."

"थांबलेत?" तिने मागे वळून पाहिलं. धुक्यात होडी दिसत होती आणि होडीतले सगळे चेहरे तिच्याकडे लागलेले दिसत होते. "कशासाठी?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच गं."

आत्याने ते ऐकून घेतलं. मग तिने एकेक करून चपला काढल्या, दोन्ही पाय गवतात लांब केले आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "मग थांबू देत जरा."